चार दिवसांत उलुरू: मुक्काम कुठे, गाडी कुठून आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नमधलं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेले आईवडील. वडील अडुसष्ट वर्षांचे, शेतकरी, एक गुडघा कुरकुरणारा. हातात चार दिवस, तेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावाचं विमान स्वस्त मिळतंय, तिथून गाडी भाड्याने घेऊन उलुरू हा वाळवंटातला प्रचंड खडक, काटा जुटाचे खडकाळ घुमट आणि किंग्ज कॅन्यनची घळ करून पुन्हा ॲलिसला यायचं, असा बेत आहे. जमेल का? आणि एका मित्राचे उलुरूवर चढल्याचे फोटो बघून वडिलांनाही वर चढायचं आहे, ते होईल का?

ताई, मी ॲलिस स्प्रिंग्जमध्ये राहतो आणि याच पट्ट्यात पर्यटकांना फिरवायचं काम बरीच वर्षं करतो आहे. तुमच्यासारखा बेत दर सुट्टीत कुणीतरी घेऊन येतं. कागदावर तो बसतो, कारण आपण दिवस मोजतो. या वाळवंटात मोजायच्या त्या सकाळी आणि संध्याकाळी. दुपार इथे हिशेबात धरायचीच नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. खडकाचा रंग बदलतो तो सूर्य उगवताना आणि मावळताना, पायी फिरता येतं ते सकाळी, आणि डोळ्यांत भरेल असा उजेडही त्याच वेळी असतो. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा: चार दिवसांतल्या किती पहाटे तुम्ही उलुरूजवळ झोपेतून उठणार?

तुमच्याच बेतावर हा हिशेब करून बघा. ॲलिसहून युलारा, म्हणजे उलुरूजवळचं राहण्याचं गाव, साधारण ४५० किलोमीटर. पुण्याहून पणजीला जाण्याइतकं अंतर, पण वाटेत घाट नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही. स्टुअर्ट हायवेने २०० किलोमीटर दक्षिणेला एर्लडंडा, तिथे उजवीकडे लॅसेटर हायवेवर वळायचं आणि मग जवळजवळ २५० किलोमीटर सरळ. रस्ता उत्तम डांबरी आहे, साधी गाडी पुरते. पण थांबे धरून पाच तास गेले. दुपारी विमानाने उतरलात तर पहिली संध्याकाळ रस्त्यात संपली. चौथा दिवस परतीच्या रस्त्यात संपला. मध्ये किंग्ज कॅन्यन घातलंत तर युलाराहून ते ३०० किलोमीटर, आणि तिथून ॲलिसही डांबरी रस्त्याने साधारण ४७० किलोमीटर. म्हणजे तिसरा दिवसही गाडीत. उलुरूला तुमच्या वाट्याला धड एक सकाळ येते. त्या सकाळी ढग आले किंवा मुलीला बरं नसलं, की संपलं.

मेलबर्नहून थेट उलुरूच्या विमानतळावर विमान जातं. रोज असेलच असं नाही, म्हणून आधी त्याचे वार बघा आणि सुट्टी त्या वारांवर बेता. तिकिटावर आणि बऱ्याच संकेतस्थळांवर अजून ‘एअर्स रॉक’ हे जुनं नाव दिसेल, विमानतळ तोच. तिथून युलारा दहा मिनिटांवर, आणि रिसॉर्टची मोफत बस विमानाच्या वेळेला उभी असते. तिकीट महाग वाटेल. पण ॲलिसच्या स्वस्त तिकिटात चार दिवसांचं गाडीभाडं, हजारावर किलोमीटरचं पेट्रोल आणि रोजच्या ठरलेल्या किलोमीटरपुढे गाडी गेल्याचा आकार मिळवा. इथल्या बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना अमर्याद किलोमीटर नसतात, आणि हे कराराच्या बारीक अक्षरांत असतं. पाच माणसांसाठीही फरक वाटतो तेवढा राहत नाही, आणि दोन संध्याकाळी, एक सकाळ जास्त मिळते.

याच करारातली दुसरी अट त्याहून महत्त्वाची. शहराबाहेर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत गाडी चालवू नये, चालवून अपघात झाला तर विमा मिळणार नाही, असं बहुतेक कंपन्या लिहितात. त्याला कारण आहे. इथे रस्त्याला कुंपण नाही. संध्याकाळ झाली की कांगारू, मोकाट गुरं, उंट डांबरावर येतात, आणि काळ्या रात्री काळा बैल दिव्याच्या झोतात येईपर्यंत ब्रेकला वेळच उरत नाही. म्हणून युलारात गाडी घ्यायची असेल तर काउंटरवर स्पष्ट विचारा: राष्ट्रीय उद्यानातल्या रस्त्यावर पहाटे आणि सूर्यास्तानंतर चालवलेलं चालतं का? सोयीचं उत्तर मिळालं तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर सूर्योदय-सूर्यास्तासाठी युलाराहून सुटणारी बस धरा. छोट्या मुलीला आणि आईवडिलांना घेऊन पहाटेच्या अंधारात स्वतः चालवण्यापेक्षा मला तीच बरी वाटते.

आता ऋतूचं बोलतो, कारण इथे मला तुमच्याशी स्पष्ट असावं लागेल. डिसेंबरचा शेवट ही या सहलीची वाईट वेळ आहे. दिवसाचं तापमान ३५च्या वर असतंच, ४० ओलांडलं तरी कुणाला नवल वाटत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. ‘आम्हाला सांगलीच्या उन्हाळ्याची सवय आहे’ असं वडील म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण शेतावर माणूस दुपारी झाडाखाली बसतो, विहीर जवळ असते. इथे पायवाटेच्या मध्यावर ती सोय नाही. शिवाय माश्या. चावत नाहीत, पण डोळ्यांच्या कडेला, नाकात, ओठांवर बसतात आणि हाकलून जात नाहीत. टोपीवरून घालायची जाळी युलाराच्या दुकानात मिळते. पहिल्याच दिवशी पाचही जणांना घ्या, मुलीला तर आधी.

आईवडिलांचा मुक्काम जुलैपर्यंत असेल तर तुमच्या शाळांच्या जूनअखेर-जुलैच्या सुट्टीत या. तेव्हा दिवसा २०च्या आसपास, आभाळ निरभ्र, माश्या जवळपास नाहीत. पहाटे मात्र पारा शून्याजवळ जातो, आणि सूर्योदयाच्या ठिकाणी वाऱ्यात उभं राहायचं असतं. आईला स्वेटर, कानटोपी, मोजे, सगळं लागेल. एप्रिलची सुट्टीही चांगली. पण तेव्हा ते परत गेलेले असतील आणि डिसेंबरला पर्यायच नसेल, तर डिसेंबरातही येता येतं. बेत मात्र त्या उन्हाच्या हिशेबाने आखायचा. पुढचं मी डिसेंबर धरूनच सांगतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमच्या या प्रांतात, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात इथलं घड्याळ मेलबर्नच्या दीड तास मागे असतं. इथले पहाटेचे पाच म्हणजे तुमच्या अंगवळणी पडलेले साडेसहा. उद्यान डिसेंबरात पाचला उघडतं. उठायला कुणाला जड जाणार नाही.

पहिला दिवस: दुपारी उतरा, सामान टाका, युलाराच्या चौकातल्या सुपरमार्केटमधून पाण्याच्या मोठ्या बाटल्या, फळं, दही, ब्रेड घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर सोनं समजा. पाच माणसांनी तीन दिवस हॉटेलात शाकाहारी जेवायचं म्हटलं तर खर्चही फार आणि निवडही थोडी. घरून भडंग, चटण्या, मेतकूट न्या, कुकर नाही तरी भात होतोच. उद्यानाचा पास ऑनलाइन काढून ठेवा. सध्या प्रौढांना तीन दिवसांचे ३८ डॉलर आहेत, मुलीला लागत नाही. दर बदलतात, काढताना बघून घ्या. चारच्या सुमारास सांस्कृतिक केंद्रात जा. ते थंड आहे, सावलीत आहे, आणि ही जमीन कुणाची आहे ते तिथे कळतं. संध्याकाळी सूर्यास्ताच्या ठिकाणी.

या सूर्यास्ताबद्दल थोडं. उलुरू मैदानापासून ३४८ मीटर उंच आणि परीघ साधारण साडेनऊ किलोमीटर. सूर्य तुमच्या पाठीमागे मावळत असतो, बघायचं असतं समोरच्या खडकाकडे. शेवटची वीस मिनिटं नजर हलवू नका. विटकरी रंग पेटत पेटत निखाऱ्यावर येतो, घळींमधल्या सावल्या वर चढत जातात, आणि सूर्य टेकला की सगळं एकदम जांभळट-तपकिरी होतं. या क्षणी निम्म्या गाड्या सुरू होऊन निघतात. तुम्ही थांबा. अजून पंधरा-वीस मिनिटांनी खडकाच्या मागे क्षितिजावर निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा चढतो. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. मुलीला हे आधी सांगून ठेवा, ती तुमच्याआधी शोधेल.

दुसरा दिवस उलुरूचा. सूर्योदयाला तालिंगुरू न्याकुन्चाकू या ठिकाणी जा, तिथून उलुरू आणि दूरवर काटा जुटा दोन्ही दिसतात. तिथून थेट पायथ्याशी. पूर्ण प्रदक्षिणा साडेदहा किलोमीटरची आहे, सपाट आहे, पण डिसेंबरात वडिलांना आणि मुलीला घेऊन ती करू नका. त्याऐवजी दोन छोट्या वाटा करा: मालाची जाऊन-येऊन दोन किलोमीटर, आणि कुनियाची एक किलोमीटर, जी मुटिजुलूच्या पाण्याच्या डोहापर्यंत जाते. दोन्ही सपाट, गुडघ्याला सोसतील अशा. मालाच्या वाटेवर रेंजरबरोबरचा मोफत फेरफटका असतो. तो तेव्हा चालू आहे का आणि किती वाजता, ते आदल्या दिवशी केंद्रात विचारा. रेंजर जे दाखवतो ते आपल्याला एरवी दिसत नाही. तुम्हा दोघांना प्रदक्षिणा करायचीच असेल तर एकाने मुलीबरोबर थांबा, दुसऱ्याने उजाडताच निघून दहाच्या आत संपवा. भर उन्हात माणशी ताशी एक लिटर पाणी हा इथला नियम आहे, सुरक्षेसाठी वाढवून सांगितलेला आकडा नव्हे. सोबत ओआरएसच्या पुड्या ठेवा.

पायथ्याशी गेलात की खडकाला जवळून बघा. लांबून गुळगुळीत दिसतो, जवळून त्याला माशाच्या खवल्यांसारखे पोपडे दिसतात. तांबडा रंग वरवरचा. खडकातलं लोह हवापाण्याने गंजून आलेला. गुहांच्या आत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे तो मूळचा करडा आहे. आणि खडकावरच्या समांतर रेघा उभ्या आहेत. साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी डोंगरांतून आणून आडवे पसरलेले वाळूचे थर, पुढे जमिनीच्या हालचालीत जवळजवळ काटकोनात उभे झाले. आपण बघतो ते त्या थरांचं वर आलेलं टोक आहे, बाकीचं जमिनीखाली आहे.

आता वडिलांच्या चढण्याचं. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. मित्राचे फोटो त्याआधीचे असणार. ही जमीन अनांगू लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. सरकारने ती त्यांना २६ ऑक्टोबर १९८५ला परत केली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. बंदीसाठी त्याच तारखेचा दिवस निवडला होता. चढायची वाट ही त्यांच्या माला पूर्वजांच्या विधींशी जोडलेली, आणि ‘चढू नका’ अशी विनंती ते कितीतरी वर्षं करत होते. शिवाय त्या चढणीवर पस्तीसहून जास्त लोकांचे जीव गेले, आणि आपल्या जमिनीवर पाहुणा दगावला याचं दुःख अनांगू लोक स्वतःवर घेतात. वडिलांना हे तसंच सांगा. ज्योतिबाच्या डोंगरावर कुठे चप्पल घालायची आणि कुठे नाही हे ज्यांना शिकवावं लागत नाही, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. पायथ्याच्या काही भागांत फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत, त्याही याच कारणाने. तिथे मोबाइल खिशात ठेवायचा, ‘एकच काढते’ असं नको.

तिसरी पहाट काटा जुटाची. युलाराहून साधारण ५० किलोमीटर. अनेकजण हे वेळ उरला तर करतात, आणि मला त्याची हळहळ वाटते. छत्तीस घुमट आहेत, सगळ्यात उंच घुमट मैदानापासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूहून बराच उंच. उलुरू वाळूचा खडक, तर काटा जुटा गोट्यांचा. मुठीएवढे, डोक्याएवढे धोंडे एकमेकांत घट्ट बसलेले, हात लावून बघता येतात. वाटेतल्या टेकाडावरच्या सज्जापर्यंत ६०० मीटर जाणं-येणं आहे, आई तिथे आरामात बसेल. मग वाल्पा घळ, जाऊन-येऊन २.६ किलोमीटर. वाट खडकाळ आहे, वडिलांनी काठी घ्यावी आणि दुखायला लागलं की मागे फिरावं. अर्ध्या वाटेवरूनही दोन्ही भिंती तेवढ्याच उंच दिसतात. ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही ७.४ किलोमीटरची वाट सुंदर आहे, पण त्या दिवशीचा अंदाज ३६ अंश किंवा जास्त असेल तर सकाळी ११ला पहिल्या सज्जापुढे ती बंद करतात. डिसेंबरात ती बंद होणारच असं धरून चाला. दोघांपैकी एकाने सूर्योदयाला निघून पहिल्या सज्जापर्यंत जाऊन यावं, २.२ किलोमीटर आहे.

परतताना रस्त्याकडेच्या झाडांकडे वडिलांचं लक्ष वेधा. डेझर्ट ओक. लहानपणी ते एकच सरळ दांडा असतं, फांद्या अंगाशी मिटून घेतलेल्या. खाली सोटमूळ पाण्याच्या शोधात जात असतं. मूळ पाण्याला लागलं की मग वर झाड पसरतं. पसरलेलं झाड दिसलं की तिथे खाली पाणी आहे, एवढं कळतं. बोअरवेल मारून बसलेल्या माणसाला हे झाड फार आवडतं, असा माझा अनुभव आहे.

दुपारी दोन्ही दिवस खोलीत. पडदे लावा, झोपा, पत्ते खेळा. ही दुपार वाया गेली असं कुणी म्हणालं तर त्यांना बाहेर पाच मिनिटं उभं करा. तिसऱ्या संध्याकाळी हवं तर पुन्हा सूर्यास्त, वेगळ्या जागेवरून, नाहीतर ब्रूस मन्रो यांचा पन्नास हजार दिव्यांचा प्रकाशाचा देखावा. तो २०१६ पासून आहे, तिकीट आधी काढावं लागतं. मला विचाराल तर मुलीला घेऊन गावाबाहेरच्या अंधारात नुसतं आकाश बघणं पुरेसं आहे, अमावस्येच्या आसपास तर खासच. चौथ्या दिवशी सकाळी गावातल्याच वाळूच्या टेकडीवरच्या सज्जावर जा आणि दुपारचं विमान धरा.

किंग्ज कॅन्यन या खेपेला सोडा. ते उत्तम आहे, म्हणूनच सांगतो. कड्यावरची सहा किलोमीटरची वाट सुरुवातीलाच उभ्या पायऱ्यांनी चढते, वडिलांना ती नाही जमणार, आणि कडक उन्हाच्या दिवशी सकाळी ठरावीक वेळेनंतर ती सुरूच करू देत नाहीत. म्हणजे आदल्या रात्री तिथे मुक्काम हवा. खालची ओढ्याकाठची वाट वडिलांना जमेल, पण तेवढ्यासाठी ६०० किलोमीटरचं जाणं-येणं करू नका. पाच-सहा दिवस मिळाले, तेही थंडीत, तर युलाराला तीन रात्री, कॅन्यनला एक, ॲलिसला एक, आणि ॲलिसहून विमान. तेव्हा गाडीने जाणं योग्य. त्या प्रवासात रोड ट्रेन भेटतील, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले पन्नास मीटरहून लांब ट्रक. ओलांडायला मोकळा, सरळ रस्ता दिसेपर्यंत मागेच राहा. टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथे भरा. मोबाइलला गावं सोडली की रेंज नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका, तिथेच सावलीत थांबा.

वडिलांच्या औषधांबद्दल शेवटचं. युलारात दवाखाना आहे, पण मोठं रुग्णालय ॲलिसला, आणि गंभीर रुग्णाला फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाने हलवावं लागतं. आईवडिलांचा परदेश प्रवासविमा या खर्चाला पुरतो का, ते आजच पॉलिसीत वाचा. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक संच हातातल्या पिशवीत. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, तर उन्हात त्या कशा घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आरक्षण करताना क्रम असा ठेवा: आधी युलाराची खोली, कारण राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि सुट्टीत त्या सगळ्यात आधी संपतात. खोली मिळतेय हे दिसलं की त्याच बैठकीत विमान. बस किंवा गाडी त्यानंतर. तारखा पक्क्या झाल्या की इथे कळवा, त्या आठवड्यात उद्यान किती वाजता उघडतं आणि कुठल्या वाटा चालू आहेत ते मी बघून सांगतो.